चुकांची वही

"पासष्ट," शैला म्हणाली आणि खडू ठेवून हात झाडले.

फळ्यावर त्रिकोण होता. पाया दहा सेंटिमीटर, दोन्ही तिरक्या बाजू तेरा-तेरा. शेंड्यापासून पायापर्यंत मी तुटक रेघेनं लंब दाखवला होता, बारा. खाली शैलानं सूत्र लिहिलं होतं: एक छेद दोन, गुणिले पाया, गुणिले उंची. सूत्रात कुठे काही चूक नव्हती. फक्त किमती घालताना तिनं उंचीच्या जागी तेरा घातले होते.

मागच्या बाकावरचे दोघं-तिघं हसले. मी त्यांच्याकडे बघितलं तसे गप्प झाले.

"तेरा का घेतलेस?" मी विचारलं.

"चुकलं व्हय?" तिनं डस्टर उचललं.

"पुसू नकोस. आधी सांग, तेरा का?"

शैलानं तिरक्या बाजूवरून बोट फिरवलं, खालून वर. "बाई, ह्यो डोंगर धरा. वर जायाचं म्हटलं तर हितनंच जावं लागतंय. पोटातनं सरळ वर कुणी जातंय व्हय?"

आता कुणी हसलं नाही. ही चूक मी त्याआधी शंभरदा तरी पाहिली असेल आणि दर वेळी तांबड्या शाईनं 'लक्ष नाही' असा शेरा मारला असेल. शैला वाघमोडे मेंढपाळाची मुलगी. लहानपणापासून बापाच्या मागे टेकड्या चढत आलेली. तिचं लक्ष पुरेपूर होतं. तिची उंची पायांनी मोजलेली होती, एवढंच.

मी खुंटीवरची सुतळी घेतली, तिच्या टोकाला खडूचा तुकडा बांधला आणि सुतळीचं दुसरं टोक त्रिकोणाच्या शेंड्यावर धरलं. खडू सरळ खाली लोंबला.

"चढायला किती लागतं ते नको. शेंड्यावरून दगड सोडला तर सरळ खाली किती पडेल?"

शैला बघत राहिली. "बारा," ती म्हणाली. मग जरा रागावूनच, "मग पुस्तकात तसं लिवायचं की. उंची म्हंजी दगड पडायची."

सगळा वर्ग हसला, ती पण हसली. तास संपल्यावर मी माझ्या वहीत लिहिलं: 'शैला वाघमोडे. त्रिकोणाचे क्षेत्रफळ. उंचीऐवजी तिरकी बाजू. कारण: उंची म्हणजे चढण, असा समज.' आणि पुढे तारीख घातली.

ही गोष्ट ब्याण्णव सालच्या जूनमधली. माणदेशातल्या एका बाजारगावच्या शाळेत मी गणित शिकवत होते. वय सव्वीस, नोकरीचं तिसरं वर्ष.

वहीची कल्पना माझी नव्हती. ती शिराळकर सरांची. सर आमचे मुख्याध्यापक, आणि त्याआधी माझे गणिताचे शिक्षक, याच शाळेत. मी आठवी पास झाले तेव्हा वडिलांनी माझी शाळा थांबवायची ठरवली होती. सर घरी आले. आईनं चहा पुढे ठेवला. सर म्हणाले, "पुष्पा उद्या शाळेत येणार असेल तर पितो." दोन तास बसले. चहा पार गार झाला. शेवटी वडील म्हणाले, "घ्या आता, येईल ती." तो गार चहा सरांनी एका दमात प्यायला. पुढे मी बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले, आणि या शाळेत जागा निघाली तेव्हा मला अर्ज करायला सांगणारेही तेच.

"सूत्रं सगळेच शिकवतात," पहिल्याच आठवड्यात सर मला म्हणाले होते. "पोरं सूत्र पाठ करतात आणि वापरताना आपटतात. तू चुका गोळा कर. कोण कुठे घसरतो आणि घसरताना त्याच्या मनात काय असतं, ते लिहून ठेव. मला माझ्या नोकरीत जमलं नाही. तू कर."

ब्याण्णव साली नववीचा वर्ग माझ्याकडे आला तेव्हा मी ते मनावर घेतलं. पहिल्याच दिवशी दोनशे पानी वही पोरांना दाखवली.

"यात तुमच्या चुका लिहिणार," मी सांगितलं. "चुकला म्हणून मारणार नाही, ओरडणार नाही, मार्क कापणार नाही. अट एकच. चुकलं तर का चुकलं ते मला खरं सांगायचं. आणि यात लिहिलेलं वहीबाहेर जाणार नाही. माझा शब्द."

आधी कुणी बोलेना. शैलाच्या डोंगरानंतर मात्र पोरं उघडली. दिगंबर माने नावाचा एक काटक मुलगा होता. त्यानं क्ष अधिक सहा, भागिले क्ष, यातले दोन्ही क्ष काटून उत्तर सहा आणलं. "वर क्ष, खाली क्ष. गेले की एकमेकाला," तो म्हणाला. मी म्हटलं, क्षच्या जागी दोन घालून बघ. त्यानं घातले. वर आठ, खाली दोन, उत्तर चार. "आयला," म्हणून त्यानं जीभ चावली. वर्तुळाच्या गणितात निम्म्या वर्गानं त्रिज्येच्या जागी व्यास घातला आणि एकशे चोपन्नाचे सहाशे सोळा केले. तीन अधिक चार, कंसाचा वर्ग, याचं उत्तर शैलानं पंचवीस दिलं. मग आम्ही पटांगणात फरशीच्या तुकड्यांचा सात बाय सातचा चौकोन मांडला. त्यातून नऊचा चौकोन उचलला, सोळाचा उचलला, आणि चोवीस तुकडे तिथेच पडून राहिले. शैला त्या चोवीस तुकड्यांभोवती उकिडवी बसून म्हणाली, "ही बिचारी ऱ्हायलीच की हितं."

तास संपला की पोरं आपणहून यायची. "बाई, माझं लिवा." "बाई, ही चूक नवी हाय, माझ्या नावावर लिवा." शैला सगळ्यांत पुढे. चूक झाली की लपवायची नाही, उलट फळ्यापाशी येऊन ती का झाली ते साऱ्या वर्गाला सांगायची. तिला बघून बाकीचे शिकायचे. दिवाळीनंतर तिच्या नावापुढच्या नोंदी कमी होत गेल्या. सूत्रात किंमत घालण्याआधी ती थांबायची, ओठ हलायचे. मी एकदा विचारलं, "काय पुटपुटतेस?" म्हणाली, "कोण कुठं बसायचा ते इचारती सूत्राला."

फेब्रुवारीच्या शेवटी सरांनी मला ऑफिसात बोलावलं. "तुझ्या वहीचं शिक्षक खोलीत सगळे बोलतात. मला वाचायला देतेस का चार दिवस?"

मी घरी जाऊन, नवं कव्हर घालून वही आणून दिली. पोरांना दिलेला शब्द मनात आलाच नाही, असं म्हणणार नाही. आला. पण सर म्हणजे काय बाहेरचे? वही मुळात त्यांचीच, असं मला वाटलं.

चार दिवसांचे पंधरा झाले, पंधराचा महिना झाला. वार्षिक परीक्षा आली. मी एकदा विचारलं तर सर म्हणाले, "सावकाश वाचतोय. फार चांगलं काम केलंयस."

एप्रिलच्या शेवटी, निकाल लागायच्या आधी, मी पेपर तपासत बसले असताना शैलाचे वडील दारात आले. तात्या वाघमोडे. डोक्याला तांबडं मुंडासं, हातात फडक्यानं तोंड बांधलेलं तुपाचं गाडगं.

"बाई, हे तुमच्यासाठी," त्यांनी गाडगं माझ्या टेबलावर ठेवलं.

"हे कशाला, तात्या?"

"कशाला म्हंजी? तुमच्यामुळं पोरगी थेट दहावीच्या परीक्षेला बसायची. मोठ्या सरांनी सांगितलं. म्हणाले, बाईंच्या वहीतनं आम्ही अकरा पोरं काढली, त्यांनी वरीसभर शाळेत याची गरज न्हाय. घरी बसून अभ्यास करायचा, मेंढरांकडं बघायचं आणि सरळ परीक्षेला जायाचं. मी सही करून आलोय."

"कशावर सही?"

"दाखल्याच्या अर्जावर. हाफिसातल्या कारकुनानं, लाड भाऊसाहेबांनी लिवून दिला, मी सही केली."

म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म. तो काय असतो ते शाळेतल्या माणसांना सांगावं लागत नाही. मुलानं शाळेतून दाखला काढायचा आणि बाहेरून दहावीला बसायचं. कामाला जाणाऱ्या, शाळा सुटलेल्या माणसांसाठी ती सोय आहे. पण असा विद्यार्थी नापास झाला तर तो कुठल्याच शाळेच्या निकालात धरला जात नाही, हे काही शाळांनी ताडलं होतं. कच्ची पोरं नववीतच बाहेर काढली की दहावीचा निकाल आपोआप वर जातो. दुसऱ्या गावच्या शाळेत असं चालतं, हे मी ऐकलं होतं. आम्ही नावंही ठेवायचो त्यांना.

मी तुपाचं गाडगं तसंच ठेवलं आणि ऑफिसात गेले.

वही सरांच्या टेबलावर होती. मी घातलेलं कव्हर जरा मळलं होतं. वहीतून एक फुलस्केप कागद बाहेर डोकावत होता. मी न विचारता ओढला. सरांच्या सुंदर अक्षरात पूर्ण वर्गाची नावं होती आणि प्रत्येक नावापुढे आकडा. अकरा नावांवर तांबडी खूण. सगळ्यांत वर शैला वाघमोडे, सत्तेचाळीस. तिच्याखाली दिगंबर माने, एकेचाळीस.

"बस, पुष्पा," सर म्हणाले.

मी बसले नाही. "हे काय आहे सर?"

"तुझंच काम आहे. नववीला बाहेर कुणाला काढायचं हे ठरवताना दर वर्षी डोकेदुखी होते इतर शाळांत. पालक भांडतात, शिक्षक आपापली पोरं वाचवतात. तुझ्या वहीमुळे मला कुणाला विचारावंच लागलं नाही."

"मी पोरांना शब्द दिला होता."

"मला कुठे माहीत होतं?" सर शांतपणे म्हणाले. मग चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. "गेल्या वर्षीचा निकाल एकतीस टक्के. संस्थेनं मला लेखी विचारलंय. पुढच्या साली असाच लागला तर दोन तुकड्या बंद. तीन शिक्षक घरी जातील, आणि सगळ्यांत नवी तू आहेस. मी एक वर्षानं निवृत्त होतोय, मला काय? मी कुणासाठी केलं हे?"

"सर, तुम्ही बेरीज केलीत," मी म्हटलं. "तारखा बघितल्या का?"

"म्हणजे?"

मी वही उघडून त्यांच्यापुढे सरकवली. "शैलाच्या सत्तेचाळीस चुका. जून ते ऑक्टोबर एकोणचाळीस. नोव्हेंबर-डिसेंबरात सहा. जानेवारी-फेब्रुवारी मिळून दोन. ती शिकली, सर. आणि शिर्क्यांच्या मुलाच्या नावापुढे तुम्ही शून्य लिहिलंय. त्यानं वर्षभरात तोंडच उघडलं नाही, म्हणून शून्य. ज्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला त्यांचे आकडे मोठे आहेत. तुम्ही नेमके तेच काढलेत."

सरांनी चष्मा लावला. पानं उलटली. शैलाच्या नोंदींवरून बोट फिरवत गेले, तारीख बघत, पुढची तारीख बघत. मग दिगंबरच्या. ते माझ्यापेक्षा चांगले गणिती होते. त्यांना कळायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मला ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि मला वाटलं, झालं, आता सर तो कागद फाडतील.

त्यांनी वही मिटली.

"अर्ज आलेत, पुष्पा. सह्या झाल्यात. आता एकाला आत घेतलं तर बाकीचे दहा विचारतील, आम्हाला का काढलं?"

"मग घ्या सगळ्यांना."

सरांनी टेबलावरचं पेन उचलून त्याला टोपण लावलं.

"सर, माझ्या वडिलांना तुम्ही असंच सांगितलं असतंत तर? घरी बसून अभ्यास कर म्हणून?"

"तुझे मार्क चांगले होते," सर म्हणाले.

मी वही उचलली आणि बाहेर आले. त्या माणसाच्या खोलीतून न विचारता बाहेर पडायची माझी ती पहिलीच वेळ.

मी संस्थेच्या सेक्रेटरींना पत्र लिहिलं. त्यांनी मला बोलावून अकरा अर्ज दाखवले. 'घरगुती अडचणीमुळे पाल्याचा दाखला मिळावा.' सगळे एकाच अक्षरातले, खाली पालकांच्या सह्या आणि अंगठे. "बाई, यात शाळेनं काय केलं?" त्यांनी विचारलं.

मग मी मे महिन्याच्या उन्हात अकरा घरं फिरले. दोन बापांनी अर्ज मागे घेतले. सरांनी काही खळखळ न करता त्या दोघांना परत घेतलं. दिगंबरचा बाप त्याला घेऊन ऊसतोडीच्या मुकादमाकडे नाव लावायला गेला होता. एका मुलीच्या घरी मांडव घातलेला होता.

शैलाची वस्ती गावापासून तीन मैलांवर, माळावर. तात्या घरीच होते. मी त्यांना सगळं खरं सांगितलं, माझ्या वहीसकट. त्यांना समजायला वेळ लागला.

"म्हंजी पोरगी हुशार म्हणून न्हाय काढली?"

"नाही."

"आणि मी तूप घिऊन आलो." ते उठले, मुंडासं बांधायला लागले. "चला. आत्ता अर्ज माघारी घेतो. बघतो कोण न्हाय म्हणतंय."

"मी न्हाय येणार," आतून आवाज आला.

शैला दारात उभी होती. किती वेळ होती कोण जाणे. ती माझ्याकडे बघत नव्हती, बापाकडे बघत होती.

"शैला, सर घेतील परत," मी म्हटलं. "दोघांना घेतलंय."

"लाड भाऊसाहेबांनी अर्ज लिवताना तुमच्या वहीतलं मला वाचून दाखवलं," ती म्हणाली. "माझ्या म्होरं. तात्या भाईर होते. डोंगराचं वाचलं, चोवीस फरशांचं वाचलं. शिपाई पण हसला. म्हणाले, एवढ्या चुका करून शाळेत काय करायचीस?" आता तिनं माझ्याकडे बघितलं. "तुमी म्हणाला होता, वहीभाईर जाणार न्हाय."

"हो. म्हणाले होते."

"मग?"

मी सरांचं नाव घेऊ शकले असते. त्यांनी मागितली, मी विश्वासानं दिली, त्यांनी मला फसवलं. सगळं खरंच होतं. पण तिला तो शब्द सरांनी दिला नव्हता.

"मी दिली वही," मी म्हटलं. "माझं चुकलं."

ती आत निघून गेली. तात्यांनी दोनदा हाक मारली, ती आली नाही.

शाळेत ती परत आली नाही ती नाहीच. पण तिची आई खमकी होती. शैलाला दहावीला बसवायचंच, असं तिनं मनावर घेतलं, सतरा नंबरचा फॉर्म भरून घेतला आणि दर रविवारी तिला माझ्या घरी पाठवायला सुरुवात केली. शैला वेळेवर यायची. ओसरीत सतरंजीवर बसायची, मी दिलेली गणितं सोडवायची, वही पुढे सरकवायची. उत्तरं बहुतेक बरोबर असायची. मधूनच थांबून ती खोडरबर काढायची आणि काहीतरी घासून पुसायची.

"काय होतं तिथं?" मी विचारायची.

"काय न्हाय, बाई."

"बघू दे ना. का चुकलं ते कळलं तर..."

ती कागदावरचा चुरा फुंकून टाकायची आणि पान उलटायची. वर्षभरात तिनं मला एकही चूक दाखवली नाही. मी घातलेली तसली गणितं, जिथं हमखास पाय घसरतो, ती पुसून पुसून कागद फाटेपर्यंत सोडवायची. पण बोलायची नाही. ओठसुद्धा हलायचे नाहीत.

चौऱ्याण्णवच्या जूनमध्ये आमच्या शाळेचा निकाल अठ्ठ्याऐंशी टक्के लागला. तालुक्यात पहिला. शिर्क्यांचा मुलगा गणितात गेला, पण असे थोडेच. पुढच्याच महिन्यात सर निवृत्त झाले. पटांगणात मंडप घातला होता. पाहुणे होते, हार होते, पोरींचं स्वागतगीत होतं. सर बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "या यशामागे एक वही आहे. माझी विद्यार्थिनी पुष्पा बर्गे हिनं मुलांच्या चुका गोळा केल्या. तिच्याशिवाय हा निकाल लागला नसता." त्यांनी मला स्टेजवर बोलावलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं, हे मला आजही तितकंच वाटतं. टाळ्या पडल्या. समोर पालक बसले होते, सगळे शिक्षक, संस्थेची माणसं. माईक माझ्यापासून हातभर अंतरावर होता.

मी शाल घेतली, नारळ घेतला, वाकून नमस्कार केला आणि खाली येऊन बसले.

दाखला काढलेल्या नऊ जणांपैकी चौघांनी फॉर्म भरला होता. दोघं पास झाले. त्यातली एक शैला. बाजाराच्या दिवशी ती मला भाजीच्या ओळीत भेटली, आईबरोबर. आईनं हात धरून तिला पुढे केलं. मीच कागद मागितला. तिनं पिशवीतून गुणपत्रिका काढून माझ्या हातात दिली. गणित, एकशे पन्नासपैकी एकशे बारा. आमच्या शाळेत त्या वर्षी गणितात एवढे तिघांनाच होते.

मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. पण ती कागद परत घ्यायला हात पुढे करून उभी होती.

"शैला, छान मिळाले गं," मी म्हटलं. "बाकीचे अडतीस कुठे गेले?"

तिनं कागदाची नीट घडी घातली आणि पिशवीत ठेवली.

"आठवत न्हाय, बाई," ती म्हणाली.